वाटीवरची लाल झेंडी

माणसाने आयुष्यात एकदा तरी एकट्याने परदेशी जावं, अनोळखी लोकांची निःस्वार्थ सेवा करावी आणि बदलून परत यावं. त्याशिवाय माणूस पूर्ण होत नाही!

एवढं लिहिलं आणि मी अर्धा तास पडून घेतलं. दमायला होतं हो. सदुसष्टाव्या वर्षी पूर्ण होणं हे साधं काम नाही. गुडघे म्हणतात, आम्ही अपूर्णच बरे.

हेच वाक्य मी पहिल्यांदा सिंदी रेल्वेच्या वाचनालयात, माझ्याच निरोप समारंभात ठोकलं होतं. टाळ्या पडल्या, गळ्यात हार पडला, मी नम्रपणे मान खाली घातली. आणि नेमक्या त्या शांततेत पहिल्या रांगेतून आनंदाबाई, म्हणजे आमची मंडळी, शेवटच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात बोलल्या, "पूर्ण व्हा, पण आंगातला सदरा उलटा आहे, तेवढा आधी सुलटा करा!"

तर अशा माणसाला परदेशी जायचं कारण काय?

झालं असं. मी रेल्वेच्या पार्सल ऑफिसातला निवृत्त माणूस. नोकरीत छत्तीस वर्षं दुसऱ्यांचे बोजे मोजले, आणि वरून एका साप्ताहिकात तीस वर्षं दुसऱ्यांची टिंगल केली. या दोन्ही कामांत स्वतः काही उचलावं लागत नाही. घरी तर त्याहून सोय. टॉवेल दोरीवर असतो, चहा बशीत असतो, आणि तो तिथे कसा येतो याचा मी कधी अभ्यास केला नाही.

आमची लेक रूपाली पुण्याला. लग्नाला बारा वर्षं झाली, आणि अडतिसाव्या वर्षी तिला दिवस गेले. डॉक्टरांनी प्रवास बंद केला. जावई अनुप, त्याची कंपनीत पाळी, आज सकाळची तर उद्या रात्रीची. एके दिवशी फोन आला. "आई, तू येजो. बाळंतपणाच्या आधी एक महिना अन् नंतर दोन. मले भेव वाटते." एवढंच बोलली, पण 'भेव' म्हणताना तिचा आवाज हलला.

आनंदाबाईंनी फोन कानाला घट्ट लावला. मग म्हणाल्या, "मी त उद्याच येईन बाई. पण तुह्या बापाले कोण पाह्यल?"

मी आतून ओरडलो, "मी काय लहान लेकरू आहे?"

"लेकरू बरं!" आनंदाबाईंनी फोन न झाकता उत्तर दिलं. "लेकराले भूक लागली त ते रडते तरी. तुम्ही पेपर घेता अन् सरकारवर चिडता. मले सवयीनं समजते, का यायले जेवाले पाह्यजे. दुसऱ्याले कसं समजल?"

शेजारचा प्रेमदास ओट्यावर बसला होता. आमच्या घरातलं काहीही ऐकायला तो तिथेच बसतो. म्हणाला, "कवडूभाऊ, वहिनी मांगच्या साली एक दिवस गिरडच्या जत्रेले गेलत्या, तवा तुम्ही दूध तापवलं होतं न? ते पातेलं अजून माह्याकडे आहे. बुडाले छेद पडला, तं मी त्यात तुळस लावली."

हे ऐकून माझ्यातला पुरुष, जो साधारण दुपारी झोपलेला असतो, तो जागा झाला. मी बाहेर येऊन जाहीर केलं, "दोन महिने! पूर्ण दोन महिने मी एकटा परदेशात राहून दाखवतो! सेवा करून दाखवतो! जमलं, तर आनंदा, तू बिनघोर पुण्याला जायचं!"

"अन् नाई जमलं त? तिथल्या लोकायनं आधीच वापस पाठवलं त?"

"तर तू इथेच."

"अन् रूपाली तिथं एकटी," आनंदाबाई म्हणाल्या.

यावर प्रेमदास हसला नाही. एरवी तो मयतीतही हसतो.

परदेश म्हणजे जपान. भन्ते कोशुन नावाचे जपानी भिक्खू तरुणपणी अकरा वर्षं नागपूर-वर्ध्याकडच्या विहारांतून राहिले होते. त्यांच्या पुस्तकांची पार्सलं सिंदीला उतरायची, तिथून आमची दोस्ती. आता ते त्यांच्या गावी, एका डोंगराच्या कुशीतल्या विहारात, बावीस म्हाताऱ्यांचा आश्रम चालवतात. मी पत्र टाकलं. भन्तेंचं उत्तर आलं, हिंदीत. आणि हिंदी कुठली? आमच्या नागपूरची! "भाऊ, आ जाओ. इधर काम भोत है. खाली एक बात बोलने की थी, काम अपने हाथ से करना पडता."

ते शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं आणि सोडून दिलं. आमच्याकडे स्वयंसेवक म्हणजे छातीवर बिल्ला लावलेला माणूस. बिल्ला लागला की इकडून तिकडे घाईने जायचं, "चला, चला, बसून घ्या" म्हणायचं, माइकवाल्यावर ओरडायचं आणि पहिल्या पंगतीला जेवायचं. मी बॅगेत बिल्ला ठेवला. शिट्टीही ठेवली. बाकी सगळं आनंदाबाईंनी भरलं, कारण माझे मोजे कोणते हे त्यांनाच माहीत.

स्टेशनच्या चौकात फ्लेक्स लागला. त्यात शुभेच्छुक सत्तावीस, आणि खाली कोपऱ्यात मी. नागपूरच्या विमानतळावर दोन जीप भरून माणसं आली. प्रेमदासने हात हातात घेऊन सांगितलं, "कवडूभाऊ, तिथं दूध तापवू नका. दुसरा देश आहे."

*

पहिल्या दिवशी भन्तेंनी माझ्या हातात खराटा दिला. मी तो घेतला, आणि पुढे कोणाला द्यायचा म्हणून मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. फक्त डोंगर होता.

अंगण मी झाडलं. मग नव्वदीची एक आजी काठी टेकत आली, मला कमरेत वाकून नमस्कार केला आणि तेच अंगण पुन्हा झाडलं.

दुसऱ्या दिवशी खिडक्या. मी पुसल्या. तीन आजोबांनी येऊन नमस्कार केला आणि त्या पुन्हा पुसल्या. तिसऱ्या दिवशी संडास. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. तिथल्या संडासाला इतकी बटनं असतात की विमान चालवता येईल. मी एक चुकीचं दाबलं आणि कपडे बदलून आलो.

जपानी माणूस "तुम्हाला येत नाही" असं कधी म्हणत नाही. तो वाकतो. पहिल्या आठवड्यात माझ्यासमोर लोक इतके वाकले की मला वाटलं, फ्लेक्स इथेही लागला!

त्या सगळ्यांत एक माणूस मात्र माझ्याकडे मनापासून पाहून वाकायचा. इवातानी साहेब. वय अठ्ठ्याऐंशी. डोंगरातल्या एका लहानशा स्टेशनचे मास्तर होते. ती लाईन कधीच बंद पडली, पण साहेबांनी आपल्या लाल-हिरव्या झेंड्या जपून ठेवल्या होत्या. रोज सकाळी ते खिडकीत उभे राहत आणि पोस्टमनच्या गाडीला हिरवी झेंडी दाखवत. मीही रेल्वेचाच, हे भन्तेंनी त्यांना सांगितलं, तेव्हा त्यांनी टाचा जुळवून मला सलाम ठोकला. पार्सल क्लार्कला स्टेशनमास्तरचा सलाम! छत्तीस वर्षांच्या नोकरीत जे झालं नाही ते झालं. मीही ठोकला.

आठवड्याभरात माझ्याकडून खराटा गेला, फडकं गेलं, संडास तर गेलाच. उरलं एकच काम. जेवण वाढणं.

आणि वाचकहो, इथे मी तुम्हाला विचारतो, सिंदीपासून कारंज्यापर्यंत पंगतीत वाढणारा म्हणून कोणाचं नाव आहे? माझं! घरी मी पाण्याचा ग्लास उचलणार नाही, पण लग्नात हातात भाताचं घमेलं द्या, मग बघा. आमच्याकडे वाढणं हे शास्त्र आहे. पाहुणा तोंडाने "नको" म्हणाला, तर तो लाजतो आहे, वाढा. ताटावर एक हात आडवा धरला, तर आणखी थोडं चालेल, वाढा. दोन्ही हात धरून आडवा झाला, तर बोटांच्या फटीतून वाढा! ताटात अन्न टाकून तो "आता मारता का!" म्हणत उठला, म्हणजे पोट भरलं. तोवर रिकामं ताट दिसणं म्हणजे वाढप्याची बेइज्जती.

मी छातीवर बिल्ला लावला आणि मैदानात उतरलो.

पहिली वाटी इवातानी साहेबांची. भात एवढासा, कबुतराला घालतात तेवढा. त्यांनी शेवटच्या शितापर्यंत संपवला आणि मला पाहून वाकले. रिकामी वाटी! मी वाढला. त्यांनी डोळे जरा मोठे केले, वाकले आणि संपवला. मी पुन्हा वाढला. शेजारची आजी, तीच अंगणवाली, तिलाही दोनदा. मिसो नावाचं त्यांचं वरण, तेही दोनदा. कोणी हात आडवा धरला नाही. कोणी ताटात टाकलं नाही. मी मनात म्हटलं, बिचारे! किती दिवसांचे उपाशी आहेत हे लोक!

स्वयंपाकघरात हारुको बाई होत्या. सत्तरीच्या, पण हातात सुरी असताना तिशीच्या. मी रिकामं पातेलं त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी पातेल्यात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी त्यांनी दीडपट भात लावला. मी तो सगळा वाढला. तिसऱ्या दिवशी दुप्पट. तोही वाढला. पातेलं रोज रिकामं, बाई रोज जास्त गंभीर.

भन्ते एक दिवस माझ्याजवळ येऊन बसले. डोंगराकडे पाहिलं. मग म्हणाले, "भाऊ, तुम्हारे उधर लोग भोत खाते, नै?"

"हो भन्ते! आमच्याकडे खाण्यात हयगय नाही."

"अच्छा, अच्छा." ते वाकले आणि गेले.

चार दिवसांनी पुन्हा आले. "भाऊ, आजकल अपने बुढे लोग जिना चढते चढते बीच में बैठ जा रहे."

"वय झालं भन्ते."

"हाव," ते म्हणाले. वाकले आणि गेले.

मग एकदा नर्सबाई वजनाचा काटा घेऊन आल्या. सगळ्यांची वजनं केली, काटा उलटा करून पाहिला, हलवून पाहिला आणि पुन्हा सगळ्यांची वजनं केली. मला वाटलं, काटा बिघडला. पार्सल ऑफिसचा अनुभव होता, म्हणून मी काट्यावर एक बुक्की मारून दिली.

दर रविवारी घरी फोन.

"जेवले का तुम्ही?" आनंदाबाई.

"मी? मी इथे अख्ख्या आश्रमाला जेवू घालून राहिलो!"

"कपडे कोण धुते?"

"आवाज तुटतो आहे, आनंदा."

"रूपालीच्या पायावर सूज आली म्हणते. रोज पुसते, बाबा वापस त नाई न येत."

"सांग तिला, पूर्ण दोन महिने! इथे माझ्याशिवाय पान हलत नाही!"

*

चौदा एप्रिल आला. भीमजयंती. भन्तेंना तारीख पाठ होती. सकाळीच म्हणाले, "भाऊ, आज अपना दिन! आज पंगत होना!"

पंगत! माझ्या अंगात आल्यासारखं झालं. खोलीभर चटया अंथरल्या, बावीस म्हातारे भिंतीला लागून ओळीने बसवले. हारुको बाईंनी तिप्पट भात लावला होता. त्यांच्या डोळ्यांखाली काळं दिसत होतं. मी बिल्ला पुसला आणि सणाचं वाढणं सुरू केलं. सणाचं म्हणजे कसं? वाटीत सपाट नाही. वर डोंगर! पहिली वाटी अर्थात इवातानी साहेबांची. दाबून दाबून असा सुळका केला की मागचा खरा डोंगर ठेंगणा वाटावा. आणि म्हाताऱ्या माणसाला खाली वाकून काड्या शोधायचा त्रास नको, म्हणून त्यांच्या जेवायच्या दोन काड्या त्या सुळक्यात सरळ उभ्या रोवून दिल्या. झेंडा लावावा तशा.

बाकीच्या एकवीस जणांनी आपापल्या काड्या खाली ठेवल्या.

अंगणवाल्या आजीने इवातानी साहेबांकडे पाहिलं आणि हात जोडले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हारुको बाई दारात उभ्या होत्या, त्यांनी पदर असता तर तोंडात धरला असता. मी म्हटलं, काय भावुक लोक आहेत! साध्या भाताने गहिवरतात!

इवातानी साहेबांनी त्या वाटीकडे पाहिलं. मग पाठ ताठ केली. शेवटची गाडी सोडताना करावी तशी. काड्या उपसल्या, आणि तो अख्खा डोंगर, शेवटच्या शितापर्यंत खाल्ला. मग मला वाकून नमस्कार केला.

मी पुन्हा वाढला.

तीन वाजता साहेब पोट धरून आडवे झाले. सव्वातीनला अॅम्ब्युलन्स आली. त्यांना स्ट्रेचरवर घालताना मी मागे मागे धावत होतो, आणि भन्ते कोशुन, ज्यांनी दीड महिन्यात मला एकही वाकडा शब्द ऐकवला नव्हता, ते गर्रकन वळले.

"अबे भाऊ! मार डालते क्या बुढे को?"

मी सवयीने बिल्ला सरळ केला.

"तुम्हारे को मालूम है तुमने क्या किया? इधर मरे हुए आदमी के सिरहाने ऐसा भात रखते! डोंगर के माफिक! उपर से काडी खडी करके!"

"भन्ते, मग त्यांनी खाल्ला कशाला?"

"तुमने दिया इसलिये! मेहमान इतने दूर से आया, प्यार से दे रहा, कैसे ना बोलेंगे? और थाली में छोडना तो पाप! हारुको बाई रोज रोती है, बोलती है मेरा अंदाज चूक रहा, लोग भुके रह रहे! बावीस लोगों का पेट फुग्गा हो गया बे!"

"पण कोणी हात आडवा धरला नाही!"

"हात काहे को धरेंगे? वो झुक तो रहे थे!"

अॅम्ब्युलन्स गेली. मी पायरीवर बसलो. दम लागला होता. म्हणजे दीड महिना बावीस माणसं मला रोज "नको" म्हणत होती, आणि मी ते मोजत होतो नमस्कारात!

मी बिल्ला काढून खिशात घातला.

"भन्ते, मला परत पाठवाल का?"

"कल सबकी मीटिंग है. वो लोग बोलेंगे वैसा."

मग मी त्यांना रूपालीचं सांगितलं. पायाची सूज, अडतीस वय, अनुपची पाळी, आणि मी एक दिवस जरी आधी गेलो तर तिची आई पुण्याला जाणार नाही हे. इतके दिवस हे कोणाला सांगितलं नव्हतं. मी मजेत आलो आहे, अशी समजूत मीच करून घेतली होती. भन्ते ऐकत राहिले. यावेळी ते वाकले नाहीत. शेजारी बसले.

*

दुसऱ्या दिवशी मीटिंग. मला वाटलं, आता पंचायत बसणार. बसलीच. पण झालं भलतंच. पहिल्यांदा हारुको बाई उठल्या आणि जास्त शिजवल्याबद्दल सगळ्यांची माफी मागितली. मग म्हाताऱ्यांनी एकेक करून जास्त खाल्ल्याबद्दल माफी मागितली. नर्सबाईंनी काट्यावर संशय घेतल्याबद्दल मागितली. भन्तेंनी आधी न बोलल्याबद्दल आणि नंतर बोलल्याबद्दल, दोन्हींसाठी मागितली. माझा नंबर आला तेव्हा मागण्यासारखी माफी शिल्लकच नव्हती! सगळी चूक माझी, आणि ती मला द्यायला कोणी तयार नाही. इतका दमलो मी त्या मीटिंगने! त्यापेक्षा सिंदीत चार चपला बसल्या असत्या तर हलकं वाटलं असतं.

एवढ्यात दार सरकलं. इवातानी साहेब! दवाखान्यातून चालत आत आले. डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, गॅस. फक्त गॅस! अठ्ठ्याऐंशी वर्षांचा माणूस स्वतःच्या मयतीचा भात खाऊन, वर गॅस काढून, परत आला होता. ते सरळ आपल्या खोलीत गेले आणि काखेत काहीतरी घेऊन जेवायला येऊन बसले.

मी वाढू नये, असं कोणी म्हणालं नाही. अर्थात! ते लोक म्हणणार होते होय? मी भीत भीत पळी घेतली. साहेबांच्या वाटीत कबुतराचा भात वाढला. त्यांनी संपवला. रिकामी वाटी दिसली, आणि काय सांगू, चाळीस वर्षांची सवय! मी मनाला "नाही" म्हणत होतो आणि हात आपला पळी घेऊन पुढे निघाला.

खट्कन वाटीवर लाल झेंडी आली!

साहेबांनी काखेतली झेंडी काढून हात ताठ धरला होता. चेहऱ्यावर तोच स्टेशनमास्तर.

अहो, रेल्वेत छत्तीस वर्षं काढलेला माणूस लाल झेंडीपुढे थांबणार नाही, तर काय करील? पळी हवेत जागच्या जागी थांबली. एक शीत हललं नाही. मी टाचा जुळवल्या. खोलीत कोणीतरी खुदकन हसलं. मग सगळेच हसले. दीड महिन्यात त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. बिचाऱ्यांच्या पोटात आधी जागाच नव्हती.

हारुको बाईंनी जुन्या लाल कापडाच्या बावीस छोट्या झेंड्या शिवल्या. आठवड्याभरात म्हाताऱ्यांना त्यांची अशी चटक लागली की विचारू नका! भातावर लाल, वरणावर लाल. मी भीमगीत म्हणायला लागलो, अंगणवाल्या आजीने लाल दाखवली. मी पुन्हा संडासाकडे झाडू घेऊन निघालो, एकदम पाच लाल! हारुको बाईंनी तर स्वयंपाकघराच्या दारावर एक कायमची ठोकून ठेवली, फक्त माझ्यासाठी.

आणि मी थांबत गेलो. माणूस दिवसातून किती वेळा "नको" म्हणतो, हे झेंडी असली म्हणजे कळतं. मला संध्याकाळी भांडी पुसताना आनंदाबाईंचं एक वाक्य सारखं आठवायचं. चाळीस वर्षं त्या म्हणत आल्या, "आज नका आणू हो कोणाले जेवाले, माही पाठ दुखून राह्यली." आणि मी दर वेळी चार माणसं घेऊन गेलो. मला वाटायचं, पंगतीतलं "नको" आहे. लाजून म्हणते आहे.

दोन महिने पूर्ण झाले. एक दिवस कमी नाही. निघताना इवातानी साहेबांनी मला आपली ती मूळची लाल झेंडी दिली. हिरवी स्वतःकडे ठेवली. फाटकापासून माझी गाडी वळेपर्यंत ते ती दाखवत उभे होते.

*

घरी आलो. आनंदाबाईंनी मला खालून वर पाहिलं. "चहा करता येते का आता?"

"नाही."

"भात?"

"हारुको बाई आत येऊ देत नव्हत्या."

"मंग दोन महिने शिकले काय?"

ओट्यावरून प्रेमदास म्हणाला, "वहिनी, दूध त नाई न तापवलं, पुसा!"

मी बॅग खाली ठेवली. थकलो होतो. जेवायची वेळ झाली. मी म्हटलं, तू बस, मी वाढतो. त्या घाबरल्या, पण बसल्या. पोळी वाढली, वांग्याची भाजी वाढली. मग भाताचा चमचा उचलला.

"बस," आनंदाबाई म्हणाल्या.

माझा हात हवेतच थांबला. एक शीत पडलं नाही.

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा हाताकडे.

"अजून दोन घास वाढले असते त चाललं असतं," त्या हळूच म्हणाल्या. "पण थांबले. पह्यल्यांदा थांबले हो तुम्ही."

मग त्यांनी जेवण पूर्ण केलं, हात धुतला आणि माळ्यावरची बॅग काढायला स्टूल मागितला. मी आणून दिला. स्टूल कुठे असतो ते मला माहीत नव्हतं, प्रेमदासने सांगितलं.

आनंदाबाई पुण्याला गेल्या. जाताना बॅगेत सगळ्यात वर लाल झेंडी ठेवली. म्हणाल्या, "जावयाची आई बाळाले पाहाले येईल न, तवा कामी येईल." परवा फोन आला. नात झाली. दोघी सुखरूप. रूपाली म्हणाली, "बाबा, आई पूर्ण वेळ माह्यापाशीच होती." यावेळी तिचा आवाज हलला नाही. माझा आवाज तुटत होता. नेटवर्क.

तर असा मी एकट्याने राहतो आहे. आज एकतिसावा दिवस. रोज अंगण झाडतो, मागून प्रेमदासची बायको येऊन तेच अंगण पुन्हा झाडते. दूध मी तापवत नाही, थंडच पितो. माणूस परदेशी जाऊन पूर्ण होतो हे माझं मत अजून कायम आहे. फक्त पोट तेवढं अर्धं राहतं.

म्हणून जाता जाता सिंदीतल्या वाचकांना एक बारीकशी विनंती. कोणाच्या घरी दुपारची भाजी उरली असेल, तर वाटीभर घेऊन या. मी फाटकातच दोन्ही हात आडवे करून "नको, नको" म्हणेन. ते मनावर घेऊ नका. लाल झेंडी पुण्याला आहे.